सहा महिन्यांचा शिक्का

यंदा थंडी हटता हटेना. सकाळचे नऊ वाजले तरी पॉलिहाऊसच्या छतावर दव गोठून बसलेलं असायचं आणि आत रोपं बोटभर वाढून थांबलेली. टोमॅटोचं कलम बांधायचं तर खालचा रानटी खुंट आणि वरचं रोप, दोघांची जाडी सारखी लागते, आगकाडीएवढी. यंदा खुंट फोफावले आणि वरची रोपं खुरटली. जाडजूड नवरीला काडीपैलवान नवरा, असा सगळा मांडव. आणि लागवड तोंडावर आलेली.

शेडमध्ये लांबच्या लांब टेबल. दोन्ही बाजूंना बायका, उंच स्टुलांवर. डाव्या हातात रोप, उजव्या हातात ब्लेडचा अर्धा तुकडा. खुंट तिरका छाटायचा, वरचं रोप तस्संच तिरकं छाटायचं, दोन्ही तोंडं एकमेकांवर टेकवायची आणि बारीकसा चिमटा लावायचा. ऐकायला सोपं. हाताला कळलं नाही तर तिसऱ्या दिवशी रोप मान टाकतं. मी बांधलेल्या शंभरातली सत्त्याण्णव उभी राहतात. पाच वर्षांत कुणी मला हे काम शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी एकीच्या हाताकडे बघितलं आणि बसले.

प्रत्येकीचा नंबर असतो. ट्रे भरला की कडेला खडूने नंबर लिहायचा. माझ्या ट्रेवर मी सतरा लिहायची. सतरा नंबर माझ्या सुनेचा. मला इथे कामाची परवानगी नव्हती, म्हणून मी तिच्या कागदावर बसायची आणि ती मागच्या बाजूला ट्रे धुवायची, माती भरायची. दोन बायका, आकडा एक. मुकादमीण सगळं जाणून होती. तिला रोपं जगल्याशी मतलब. भिंतीवर वर्षातल्या सगळ्यात चांगल्या हाताचा फोटो लावतात, तिथे तीन वर्षं सुनेचा फोटो होता. सून त्याच्याखालून मान खाली घालून जायची. मी मात्र दर खेपेला वर बघायची. फोटो चांगला आलाय, असं एकदा मी तिला म्हणालेही. मला टोमणा मारायचा होता आणि तो तिला लागला होता.

मुलगा याच मळ्यात बॉयलर बघतो. पॉलिहाऊस गरम ठेवायचं काम, त्यामुळे यंदाच्या थंडीत तो घरी जेवायपुरता यायचा. त्या दिवशी आला तो हात न धुताच बसला.

"आई, फाईल वर आली," तो म्हणाला. "या देशात कायमचं राहायची. बारा दिवसांनी त्यांचा माणूस घरी येणार. घरात राहणाऱ्या सगळ्यांचे कागद टेबलावर मांडून ठेवायला सांगितलेत."

"मग मांड की. तुला कुणी धरलंय?"

"तुझा पासपोर्ट पण लागेल."

माझा पासपोर्ट माझ्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतं. नवरा गेला त्या वर्षी धाकट्या दिराने, वहिनी इथे एक सही करा, म्हणून कागद पुढे केला होता. मी मोठ्या ऐटीत सही केली, मला सही येते हे दाखवायला. त्या सहीत माझं विहिरीचं पाणी गेलं. तेव्हापासून मी माझा कागद कुणाच्या हातात दिलेला नाही, पोटच्या पोराच्याही नाही.

मी पेटी उघडून पासपोर्ट काढला आणि पदराने पुसून दिला. मुलाने पानं उलटली. एकदा पुढे, एकदा मागे. मग एका पानावर अंगठा ठेवून बसून राहिला.

"काय झालं?"

"हा शिक्का कसला आहे, आई?"

"आल्याची खूण. विमानतळावर मारतात तो."

"यावर तारीख आहे."

"असेल. दहा वर्षांचं आहे माझं." मी बोट लावून दाखवलं. चिकटवलेल्या व्हिसाच्या कागदावर स्वच्छ मोठे आकडे आहेत, या वर्षापासून त्या वर्षापर्यंत. आकडे मला येतात. तिसरीपर्यंत शाळेत गेलेय मी, आकडे कुठल्याही देशात तेच. "हे बघ. अजून पाच वर्षं बाकी आहेत."

"ते यायचं, आई." तो इतक्या हळू बोलला की सून मोरीतून हात पुसत बाहेर आली. "दहा वर्षांत कधीही या, असा त्याचा अर्थ. आल्यावर राहायचं किती, ते या शिक्क्यात असतं. हे सहा महिन्यांचं होतं."

शिक्का जांभळा, अर्धवट उमटलेला. त्याच्या मध्ये कुणीतरी पेनाने तारीख ओढली होती, घाईत. मी तो पाच वर्षं रोज नसला तरी महिन्यातून एकदा बघितला होता. पेटी आवरताना.

"मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं तुला," मुलगा म्हणाला.

"विचारलं होतंस."

"दाखव म्हणालो होतो."

मी काय म्हणाले होते ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तुझा बाप मला विचारून कागद करायचा, तू मला वाचायला शिकवू नकोस. सून समोर होती. तिच्यासमोर मी हे मोठ्याने म्हणाले होते.

आता तीच सून माझ्या पासपोर्टकडे बघत उभी होती. ती शिकलेली आहे, बारावी झालेली. काहीतरी बोलली असती तर मला तिच्यावर तुटून पडता आलं असतं. ती आत जाऊन भाजी ढवळायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी कागदवाला आला. हा आपल्याकडचाच, इथे येऊन वीस वर्षं झालेला. लोकांचे फॉर्म भरतो. खुर्चीत असा पसरतो की खुर्चीच त्याच्याकडे कामाला आहे असं वाटावं.

"मावशींचं काही होण्यासारखं नाही," तो मुलाला म्हणाला. मी समोर बसले होते. "साडेचार वर्षं म्हणजे थट्टा नाही. आणि तुम्ही ठेवून घेतलंत असं दिसलं, की तुमची फाईलही गेली. सोपं सांगतो. घरात माणसं तीन लिहा."

"आणि आई?"

"मावशींना त्या दिवशी कुठेतरी ठेवा."

"ठेवा म्हणजे?" मी म्हणाले. "मी काय पाण्याचं पिंप आहे?"

तो हसला. "मावशी, तुमच्याच पोराच्या भल्याचं बोलतोय मी."

"माझ्या पोराचं भलं तुझ्या आधी मला कळायचं."

"कळलं असतं तर मी आज इथे नसतो," तो म्हणाला आणि चहाचा कप तोंडाला लावला.

मुलगा कपाच्या कडेवर बोट फिरवत बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने वर बघितलं नाही.

मग मला घरातून काढायचं काम सुरू झालं. मी घरातच होते, पण मी असल्याची खूण उरायला नको होती. माझी खाट घडी करून कपाटामागे गेली. मोरीवरचा माझा ब्रश, तेलाची बाटली, गुडघ्याला लावायचं मलम, दारातल्या वहाणा. सून एकेक वस्तू आणायची आणि खोक्यात ठेवायच्या आधी माझ्याकडे बघायची. हे ठेवू का, असं विचारल्यासारखं. मी भिंतीकडे बघून हो म्हणायची. खोकं छोटं होतं. पाच वर्षांची मी त्यात मावले आणि वर जागा उरली.

जेवणं झाली की मुलगा नातीला समोर घेऊन बसायचा. नऊ वर्षांची आहे. मी तिला ठमी म्हणते.

"घरात कोण कोण राहतं?"

"आई, बाबा, मी."

"आजी?"

"आजी गावी असते."

"कधी आली होती?"

"मी लहान होते तेव्हा. मग परत गेली."

"शहाणी," मुलगा म्हणायचा.

मी पलीकडे कणीक मळत असायची. या पोरीने चार वर्षांची असताना माझ्या पेटीवरचं कुलूप हरवलं होतं आणि मी नाही म्हणाली होती. तेव्हा मी तिला अंगणात उभी करून सांगितलं होतं, आपल्या घरात खोटं चालत नाही. आता तिचा बाप तिला शिकवत होता आणि ती एका दमात म्हणत होती. कणीक सैल झाली. मी पीठ घातलं, मग घट्ट झाली, मग पाणी घातलं. सगळ्यांना पुरून उरेल इतकी कणीक झाली.

*

माणूस यायला सात दिवस होते, तेव्हा मळ्यावरच तपासणी आली.

आम्ही टेबलाशी होतो. मुकादमीण दारातून आली, तिचे बूट नेहमीपेक्षा जास्त वाजत होते. ती सरळ माझ्यामागे आली आणि माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. बोलली काही नाही, बोलली असती तरी मला कळलं नसतं. सुनेने मागून येऊन माझा दंड धरला.

"आई, चला. कामगारांचे कागद बघायला आलेत."

"कुठे चला?"

"दवाखान्यात."

बांधलेली कलमं आधी एका खोलीत ठेवतात. खिडकी नाही, दिवा नाही, चोवीस तास बारीक फवारा चालू. जखम भरून येईपर्यंत रोपांना ऊन आणि वारा सोसत नाही. आम्ही बायका त्या खोलीला दवाखाना म्हणायचो. माणसाने आत पाच मिनिटांच्या वर थांबू नये, छातीत पाणी भरतं.

सुनेने मला दोन मांडण्यांच्या मध्ये, मागच्या कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसवलं. "आवाज करू नका," ती म्हणाली आणि लगेच, "म्हणजे, खोकला आला तर पदर धरा." मग दार लागलं. ती बाहेर जाऊन माझ्या स्टुलावर बसली.

पहिल्यांदा मला राग आला. मग थंडी वाजली. फवारा केसांतून मानेवर, मानेवरून जर्किनच्या आत. समोर मांडणीवर माझेच ट्रे होते, अंधारात दिसत नव्हते पण हात लावून मला कळत होते. सतरा, सतरा, सतरा. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग अनोळखी पुरुषाचा, मग बराच वेळ काहीच नाही.

चौसष्ट वर्षांच्या बाईला थंडीत किती वेळ कळ काढता येते, हे ज्याचं त्याला ठाऊक. मी पाय आवळले. मनात पाढे म्हटले, दोनापासून अकरापर्यंत, पुढचे मला येत नाहीत. पुन्हा दोनापासून. बाहेर कुणीतरी हसलं. दारापाशी पावलं आली आणि थांबली. मी श्वास धरला आणि त्या धरण्यात दुसरं सुटलं.

गरम वाटलं. तेवढ्यापुरतं बरंही वाटलं, हे सांगताना माझी जीभ अडखळतेय, पण वाटलं. मग तेच पाणी गार झालं आणि मी त्यात बसून राहिले.

दोन तासांनी दार उघडलं. मी नखशिखांत ओली होते, तेव्हा बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. मुकादमिणीने माझ्या पाठीवर थापटलं, गायीला थापटतात तसं. सुनेने मात्र बादली उचलली, विसळली, फरशीवर पाणी मारलं. मला घरी नेलं, गरम पाणी काढून दिलं. माझं लुगडं आणि परकर मी मोरीत पायाखाली घेतलं होतं.

"राहू दे," मी म्हणाले. "मी धुते."

"तुमचे दात वाजतायत, आई. सोडा."

मी पाय उचलला. ती उकिडवी बसली, साबण लावला, आपटलं, पिळलं, दोरीवर घातलं. नाकाला पदर नाही, तोंड वाकडं नाही. मुलाला सांगितलं नाही. पुढे कधी भांडणातही काढलं नाही. तिने तोंड वाकडं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

विचारलं मात्र मी. "कोण कोण होतं टेबलाशी? तू बांधलीस?"

"तो बघत होता म्हणून बांधली. तीस-चाळीस."

"जगतील?"

"नाही जगणार," ती म्हणाली. "छाट जुळत नव्हती."

*

दोन दिवस मला ताप होता, कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दार उघडायचं नाही असं ठरलेलं, पण बाहेरून ठमीचा आवाज आला म्हणून उघडलं. तिच्याबरोबर तिची शाळेतली बाई होती. पोरगी मैदानात पडली होती, गुडघ्याला पट्टी.

बाई माझ्याकडे बघून हसली आणि ठमीला काहीतरी विचारलं. ठमीने माझ्याकडे बघितलं, मग बाईकडे, आणि मोठं वाक्य बोलली. बाईने मान हलवली. दप्तर माझ्या हातात दिलं, स्वयंपाकघराकडे बोट करून काही सांगितलं आणि गेली. तिचं हसू बदललं होतं. आधी म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसं होतं, जाताना कामाच्या बाईकडे बघून हसतात तसं.

"काय विचारलं तिने?"

"काही नाही."

"ठमे."

"तू कोण ते विचारलं."

"मग?"

"म्हटलं, तू शेजारची आहेस. आमची भांडी घासायला येतेस."

मी दप्तर खाली ठेवलं. "बाबांनी तुला हे सांगितलं होतं?"

"बाबांनी सांगितलं होतं आजी गावी असते म्हणून सांग. पण तू तर दारातच उभी होतीस."

"आणि भांडी?"

"ते मी घातलं," ती म्हणाली. "नुसतं शेजारची म्हटलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं. तुझे हात ओले होते ना."

बोलताना तिने हनुवटी वर केली होती. अडखळली नाही, डोळे चुकवले नाहीत. मी दिराबद्दल बोलताना, व्याह्यांबद्दल बोलताना, दहा वर्षांचं आहे म्हणून सांगताना अशीच हनुवटी वर करते. मला हे घरात कुणी सांगितलेलं नाही, पण मला दिसलं.

"बरोबर बोलले ना मी?" तिने विचारलं.

"पाय दुखतोय का?" मी म्हणाले.

*

मुलगा जेवायला बसला तेव्हा मी सांगून टाकलं. "उद्या मला त्या ऑफिसात घेऊन चल. मी जाऊन सांगते."

त्याने घास खाली ठेवला. "काय सांगतेस?"

"चुकलं म्हणून. परत जाते म्हणून."

"आई, तुला कळतंय का? एकदा नोंद झाली की पाच वर्षं येऊ देणार नाहीत. त्यानंतरही देतील असं नाही."

"मला पाचाचा पाढा येतो."

"तू चौसष्टची आहेस."

"तेही मोजता येतं."

"कागदवाला म्हणतो, एक दिवस. एकच दिवस बाजूला थांबायचंय तुला. मग कोण विचारतंय?"

"मग ठमी लग्नाची होईपर्यंत मी भांडी घासायला येत राहू?"

त्याला हे माहीत नव्हतं. सुनेने खाली बघून त्याला सांगितलं. त्याचे हात बॉयलरने भाजून भाजून काळे पडलेत, त्याच हातांनी त्याने तोंड झाकलं.

"मला वाटत होतं, आई," तो म्हणाला. "नक्की माहीत नव्हतं. पण वाटत होतं की हे असं दहा वर्षं नसतं कुणाचं. मळ्यातल्या एकाच्या आईला सहा महिन्यांत जावं लागलं होतं. मी खोदून विचारलं असतं तर तू तेव्हाच गेली असतीस. ठमी लहान होती, हिला कामावर जायचं होतं. मी म्हटलं, आई म्हणते ना, मग असेल."

सून त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही हे नवीन होतं.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याचं ताट पुढे सरकवावंसं वाटलं. मी ताट सरकवलं. "हे तू कुठे बोलू नकोस," मी म्हणाले. "आजपासून तुला काही वाटत नव्हतं. आणि उद्या तू येऊ नकोस. तुझं तोंड बघितलं की कुणालाही कळेल. ही येईल."

सून म्हणाली, "येते."

*

ऑफिस शाळेसारखं होतं, त्याच खुर्च्या, तसाच फिनेलचा वास. दारात चिठ्ठी मिळाली, त्रेचाळीस नंबर. समोर लाल आकडे बदलत होते. तेवढं मला वाचता येत होतं. बाकी सगळ्या भिंती कागदांनी भरलेल्या, आणि मी पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे वाचता येत असल्याचा आव न आणता बघितलं.

काचेपलीकडे तरुण पोरगी होती. सर्दी झालेली, नाक लाल, हातात रुमाल. तिने पासपोर्ट बघितला, शिक्का बघितला, मशीनमध्ये काही बघितलं, आणि मग आमच्याकडे.

"विचारतेय, इतके दिवस का राहिलात," सून म्हणाली.

"सांग, मला तारीख कळली नाही."

सुनेने सांगितलं. पोरीने परत विचारलं.

"म्हणतेय, तारीख स्पष्ट आहे. घरात कुणी सांगितलं नाही का? मुलाला माहीत होतं का?"

मी काचेला धरून उभी होते. मागे रांगेत माणसं, त्यात दोन आपल्याकडची, त्यांचे कान टवकारलेले मला पाठीवर कळत होते.

"सांग, मला वाचता येत नाही," मी म्हणाले. "सांग, येतं असं मी सगळ्यांना सांगत आले. मुलगा कागद मागायचा, मी देत नव्हते. त्याने वाचला असता तर त्याला कळलं असतं मला येत नाही ते. म्हणून दिला नाही."

सून थांबली. "आई, एवढं नको सांगायला. नुसतं चुकून झालं म्हणते."

"जसं म्हणाले तसं सांग."

तिने सांगितलं. किती सांगितलं देव जाणे, पण बराच वेळ सांगत होती. पोरगी नाक पुसायची थांबली होती. मग तिने काचेखालून छोटी पेटी पुढे सरकवली, वर हिरवी काच. बोटांचे ठसे.

मी बोट ठेवलं. मशीनने नाही म्हणून आवाज केला. दुसरं बोट, पुन्हा तोच आवाज. टोमॅटोच्या पानाचा रस हातावर बसतो, आधी हिरवा, मग काळा, आणि साबणाने जात नाही. त्यात ब्लेडने छाटून छाटून अंगठा आणि पहिलं बोट यांच्या टोकांवर रेघाच उरलेल्या नाहीत. पोरीने हात धुवून यायला सांगितलं. मी मोरीत जाऊन नखाने खरडले, आग आग होईपर्यंत घासले. परत आले. पेटी पुन्हा नाही म्हणाली.

मग ती पोरगी उठून काचेच्या बाजूने बाहेर आली आणि माझं बोट तिने आपल्या हातात धरलं. दाबून बघितलं, वळवून बघितलं. मग सुनेच्या हातांकडे बघितलं. सुनेचे हात ट्रे धुवून फुगलेले, पण स्वच्छ. तिने एकच गोष्ट विचारली, छोटी.

"काय म्हणतेय?"

"कसलं काम करता, विचारतेय," सून म्हणाली.

"घरकाम म्हणून सांग," मी म्हणाले. "परसात झाडं लावलीत म्हणून सांग."

सून माझ्याकडे न बघता त्या पोरीशी बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण आकडे कळतात, बोललेलेही. सतरा म्हणाली ती. थोड्या वेळाने पुन्हा सतरा. मी तिचा कोपर ओढला. तिने तो सोडवून घेतला, हळूच, आणि पुढे बोलत राहिली.

*

बस यायला अर्धा तास होता. बाकड्यावर आम्ही दोघी, मध्ये तिची पिशवी, पिशवीत माझा नवा कागद. अठ्ठावीस दिवसांत आपण होऊन जायचं, पाच वर्षं यायचं नाही. ऊन पडलं होतं, पण ऊब नव्हती.

"काय सांगितलंस तिला?"

"जे आहे ते. नंबर माझा, हात तुमचे."

"कशाला? मी निभावलं असतं."

"तिने बोटं बघितली होती, आई. परसात झाडं म्हटलं असतं तर आधीचंही सगळं खोटं ठरलं असतं. आणि तुम्ही तिथे म्हणालात ना, वाचता येत नाही म्हणून. सगळ्यांसमोर. त्यानंतर मला नाही बोलता आलं दुसरं काही."

"तुझं काम?"

"जाईल. मुकादमिणीचंही कदाचित."

"आणि फाईल?"

"बाजूला ठेवतील म्हणाली. बंद नाही करणार. तुम्ही आपल्या पायाने आलात हे तिने वर लिहिलंय."

म्हणजे मुलगा राहील. ठमी राहील. दंड करतील, चौकशी करतील, मुलाच्या एकट्याच्या हातांवर घर चालेल, पण राहतील. हे सगळं मी मनात मांडून बघितलं आणि मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. त्या दिवशी तिने माझं लुगडं धुतलं त्याबद्दल, आजच्याबद्दल, त्या फोटोवरून मी मारलेल्या टोमण्याबद्दल. पोरी, असं म्हणून सुरुवात करायची होती. शब्द अगदी जिभेवर होते.

"सगळे माझेच म्हणालीस?" मी विचारलं. "का थोडे तुझेही सांगितलेस?"

ती माझ्याकडे वळली.

"ट्रे," मी म्हणाले.

"सगळे," ती म्हणाली. "पाचही वर्षांचे."

आणि मला बरं वाटलं. शेजारी माझ्यापायी काम घालवून बसलेली पोर, पिशवीत मला हाकलल्याचा कागद, आणि माझ्या छातीत ऊन पडल्यासारखं झालं. सरकारी कागदात माझी पाच वर्षं चढली, माझ्या हाताची म्हणून चढली. मी ते तोंडावर येऊ द्यायचं नाही म्हणून रस्त्याकडे बघितलं. पण पाच वर्षं एका चुलीशी काढलेल्या बाईला तोंड बघावं लागत नाही.

मध्ये ठेवलेली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली आणि बस कुठून येते तिकडे बघत बसली. मी पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. बस आली तेव्हा पायरी उंच होती आणि माझा गुडघा उचलेना. मी हात पुढे केला नाही. तिनेच तो धरला.